कुणात मोजलं, कशाशी ताडलं

दर गुरुवारी मराठी मालिकांच्या दुनियेत एक आकडा येतो. ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, म्हणजे ‘बार्क’, या संस्थेची आधीच्या आठवड्याची मोजणी त्या दिवशी वाहिन्यांच्या हाती पडते. गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा ठाण्यात घोडबंदर रस्त्याकडच्या बंगल्यांत चित्रीकरण चालूच असतं. पण कुठलं कथानक ताणायचं, कुठल्या पात्राला परगावी धाडायचं, कुठली मालिका साडेसातवरून साडेसहाला सरकवायची, याची बोलणी त्या आकड्यावर सुरू होतात. संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे जाते: अमुक मालिका पहिली आली, तमुक घसरली.

बातमीत आकडा असतो. तो कुणातला आहे, हे बहुतेक वेळा नसतं.

एखाद्या मालिकेचं रेटिंग ५ आहे, याचा अर्थ ठरवलेल्या गटातल्या दर शंभर माणसांपैकी सरासरी पाच जण कार्यक्रमाच्या कुठल्याही मिनिटाला ती पाहत होते. आता हे शंभर कोण? ‘महाराष्ट्र-गोवा, शहरी आणि ग्रामीण, दोन वर्षांवरचे सगळे’ हे एक शंभर झाले. ‘मुंबई, पंधरा वर्षांवरचे, ए-बी गटातले’ हे अगदी वेगळे शंभर. जाहिरातीच्या धंद्यात याला टार्गेट ग्रुप किंवा नुसतं ‘टीजी’ म्हणतात, आणि अनुभवी मीडिया प्लॅनर अहवाल उघडल्यावर आधी टीजीची ओळ शोधतो, मग आकड्याकडे वळतो. टीजी बदलला की पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या वाहिन्यांची अदलाबदल होऊ शकते. दोन्ही वाहिन्या आपापल्या फलकावर ‘नंबर वन’ छापतात आणि दोघीही खरं बोलत असतात. तळाच्या बारीक टायपातला गट तेवढा वेगळा असतो.

‘महाराष्ट्र-गोवा’ या दोन शब्दांतही बरंच दडलेलं आहे. ती भूगोलाची विभागणी आहे, भाषेची नाही. मुंबईतलं गुजराती किंवा हिंदी बोलणारं कुटुंब या गटात मोजलं जातं. उलट बेळगावात रोज मराठी मालिका पाहणारी आजी कर्नाटकच्या खात्यात जाते, इंदूरचं मराठी घर मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या आणि बडोद्याचं गुजरातच्या. तेव्हा या बाजारपेठेतलं मराठी वाहिनीचं रेटिंग म्हणजे मराठी माणसांतली तिची लोकप्रियता, असं वाचणं दोन्हीकडून चुकतं. पैठणी विकणाऱ्याला हा फरक कळला, तर बेळगावच्या गिऱ्हाइकासाठी वेगळा पैसा काढायचा की नाही, याचा तो निदान विचार तरी करील.

बाजारपेठेचे असे भाग पाडण्याची कल्पना शास्त्रशुद्ध रीतीने मांडली ती अमेरिकन अभ्यासक वेंडेल स्मिथ यांनी, १९५६ साली, ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मधल्या एका निबंधात. सगळी गिऱ्हाइकं सारखी समजून एकच माल सगळ्यांच्या गळ्यात मारण्यापेक्षा, मागणीचे वेगवेगळे कप्पे ओळखून त्यांच्या गरजेप्रमाणे वागावं, हा त्यांचा मुद्दा होता. भारतात हे कप्पे पाडताना पहिली अडचण आली ती उत्पन्नाची. दारात आलेल्या अनोळखी माणसाला इथे कुणी आपली कमाई खरी सांगत नाही. शेतकऱ्याला ती महिन्याच्या हिशेबात सांगता येत नाही आणि दुकानदाराला सांगायची नसते. म्हणून पाहणी करणाऱ्यांनी सरळ प्रश्न सोडून आडवाटेने जायचं ठरवलं.

१९८० च्या दशकात रूढ झालेल्या सामाजिक-आर्थिक वर्गीकरणात, ज्याला सगळे ‘एसईसी’ म्हणत, शहरी घराचा दर्जा कर्त्या माणसाचं शिक्षण आणि व्यवसाय यांवरून ठरे. ए-१ पासून ई-२ पर्यंत आठ पायऱ्या. खेड्यात व्यवसायाऐवजी घराचं बांधकाम पाहत, पक्कं, अर्धपक्कं की कच्चं, आणि आर-१ ते आर-४ असे चार गट पाडत. गिरणी कामगार, मंत्रालयातला कारकून, बँकेतला अधिकारी, दहा नोकर ठेवणारा व्यापारी अशी ज्या काळात माणसाची ओळख त्याच्या कामावरून पटकन होई, त्या काळाला ते जुळणारं होतं. गिरण्या बंद पडल्या, कामाचे नवे प्रकार आले, खेड्यात पैसा आला आणि शहर-गावाच्या दोन वेगळ्या मोजपट्ट्यांमुळे तुलनाच होईना. २०११ साली मीडिया रिसर्च युजर्स कौन्सिल आणि मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया यांनी नवी पद्धत आणली. ‘एनसीसीएस’ हे तिचं नाव. गेली कित्येक वर्षं अहवालांमध्ये जे ‘ए’, ‘बी’, ‘सी’ दिसतात ते हेच.

ही पद्धत दारात उभं राहून पाहण्यासारखी आहे. हातात टॅब्लेट घेतलेली मुलाखतकार आधी विचारते, घरखर्चाचा सगळ्यात मोठा वाटा कोण उचलतं, आणि त्या माणसाचं शिक्षण किती. मग अकरा गोष्टींची यादी. वीजजोडणी, छताचा पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, कम्प्युटर किंवा लॅपटॉप, मोटारगाडी, एसी आणि शेतजमीन. यांपैकी घरात किती आहेत एवढंच मोजायचं. शिक्षणाचा स्तंभ आणि वस्तूंच्या संख्येची ओळ जिथे मिळते त्या चौकटीत घराचा गट लिहिलेला असतो. सगळं काम पाच मिनिटांत उरकतं. सोपेपणा हेच तिचं बळ.

पण चौकटीत प्रत्यक्ष घरं बसवून पाहावीत. सांगली जिल्ह्यातलं एखादं घर घ्या: कर्ता दहावी पास, वीज, पंखा, गॅस, मोटारसायकल, टीव्ही, फ्रीज या सहा गोष्टी घरात आहेत. हे घर बी गटात बसतं. त्यांच्या नावावर थोडी शेतजमीन असली, मग ती बागायती असो की खडकाळ माळ, की सात वस्तू झाल्या आणि घर ए गटात गेलं. आता पुण्यात हिंजवडीजवळ भाड्याच्या खोलीत राहणारा इंजिनिअर घ्या. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, लॅपटॉप. टीव्ही नाही, कारण सगळं मोबाइलवर पाहतो. फ्रीज नाही, कारण जेवण डब्याचं. पाच वस्तू आणि व्यावसायिक पदवी यांच्या चौकटीत त्याला बी गट मिळतो. महागडा फोन, परदेशवारी किंवा शेअर बाजारातली गुंतवणूक विकणाऱ्या कंपनीने ‘आम्हाला फक्त ए गट हवा’ असं सांगितलं, तर हा इंजिनिअर तिच्या टीजीतून बाहेर पडतो.

याहून खोल अडचण काळाची आहे. यादीतल्या वस्तू जसजशा घरोघरी पोहोचतात, तसतशी घरं एकेक पायरी वर सरकतात. त्यांचं राहणीमान तुलनेने बदललेलं असो वा नसो. त्यातल्या काही वस्तू तर सरकारने दिल्या. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली आणि गॅस गरीब घरांत गेला. २०१७ च्या सौभाग्य योजनेने वीजजोडण्या दिल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली सुमारे ९७ टक्के लोकसंख्या वीज असलेल्या घरांत राहत होती. जी गोष्ट जवळपास प्रत्येक घरात आहे ती घराघरांतला फरक काय दाखवणार? तमिळनाडूचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तिथे २००६ नंतर द्रमुक सरकारने रंगीत टीव्ही वाटले. २०११ नंतर अण्णाद्रमुकने मिक्सर-ग्राइंडरबरोबर टेबल पंखे दिले आणि विद्यार्थ्यांना लॅपटॉप. टीव्ही आणि लॅपटॉप: अकरांपैकी दोन वस्तू सरकारी योजनेतून घरात येऊ शकल्या. अशा राज्याचं ए-बी गटाचं प्रमाण महाराष्ट्राच्या प्रमाणाशेजारी ठेवून ‘तिथली क्रयशक्ती जास्त’ असं म्हणणारा तक्ता फार काळजीपूर्वक वाचायला हवा.

म्हणजे गटाचं नाव तेच राहतं आणि आतली माणसं बदलत जातात. २०१३ च्या अहवालातला ‘ए’ आणि २०२३ च्या अहवालातला ‘ए’ यांची तुलना करून ‘श्रीमंत गटात आमची पकड सैल झाली’ असा निष्कर्ष काढणाऱ्या कंपनीचं गिऱ्हाईक कदाचित कुठेच गेलेलं नसतं. ज्या कप्प्यात ते मोजलं जात होतं तोच रुंद झालेला असतो.

मोजल्या जाणाऱ्या घरांच्या संख्येकडे आता वळू. २०२० च्या अंदाजाप्रमाणे देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटी होती. बार्कचे मीटर होते सुमारे ४४ हजार घरांत. म्हणजे एक मीटरचं घर साधारण पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलतं. एवढ्यावरून कुणी नाक मुरडू नये. नमुना नीट निवडला असेल तर देशपातळीवरच्या मोठ्या वाहिनीसाठी ४४ हजार घरं भरपूर आहेत. दुखणं सुरू होतं ते कापाकापीत. देशातून महाराष्ट्र काढा, त्यातून मुंबई, त्यातून ए-बी, त्यातून बावीस वर्षांवरचे पुरुष, त्यातून इंग्रजी बातम्या पाहणारे. शेवटच्या कप्प्यात मूठभर माणसं उरतात. शंभर माणसांच्या नमुन्यात खरं प्रमाण ५ टक्के असेल, तर निव्वळ योगायोगाने अहवालात ते १ ते ९ च्या दरम्यान कुठेही दिसू शकतं. दहा हजारांच्या नमुन्यात तेच साडेचार ते साडेपाचच्या आत राहतं. अहवालाच्या पानावर दोन्ही आकडे एकाच टायपात, एकाच आत्मविश्वासाने छापलेले असतात.

बारीक कप्प्यात ढवळाढवळ करणंही सोपं जातं. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी पत्रकार परिषद घेऊन आरोप केला की मीटरच्या घरांना महिन्याकाठी काही शे रुपये देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला सांगितलं जात होतं. बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले. ते पुन्हा सुरू झाले ते थेट मार्च २०२२ मध्ये, आणि तेही चार आठवड्यांच्या सरत्या सरासरीच्या रूपात. खटला पुढे राज्य सरकारने मागे घेतला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने तशी परवानगी दिली, त्यामुळे आरोपांची तड न्यायालयात लागली नाही. पण चार आठवड्यांची सरासरी हा बदल मात्र अहवाल वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावा. २०२० पूर्वीचा वृत्तवाहिनीचा आकडा एका आठवड्याचा आहे, नंतरचा चार आठवड्यांचा. एकाच आलेखावर ही रेघ सलग ओढली, तर नंतरचा काळ उगाचच शांत आणि स्थिर दिसतो.

अशी सांध्याची ठिकाणं भारतीय मोजणीत जागोजाग आहेत. बार्कच्या आधी टॅम ही संस्था रेटिंग देत असे आणि तिचे मीटर शहरांत होते, खेड्यांत नव्हते. बार्कची मोजणी एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ग्रामीण भाग तिच्यात आला. डीडी फ्री डिशवर फुकट दिसणाऱ्या झी अनमोलसारख्या वाहिन्या, जिथे जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या जात, त्या एकदम हिंदी यादीच्या वरच्या टोकाला आल्या. त्या आठवड्यात खेड्यातल्या लोकांनी काही नवीन पाहायला सुरुवात केली नव्हती. ते आधीही पाहतच होते, मोजणारं कुणी नव्हतं.

वृत्तपत्रांच्या बाबतीत असाच सांधा २०१४ च्या जानेवारीत उखडला. इंडियन रीडरशिप सर्व्हे, म्हणजे ‘आयआरएस’, ही वाचकांची पाहणी १९९५ पासून होत आलेली. २०१३ च्या फेरीसाठी नवी संस्था, नवी लोकसंख्येची चौकट, नवं एनसीसीएस, टॅब्लेटवरची नवी प्रश्नावली आणि सुमारे २ लाख ३५ हजार घरांचा नमुना. निकाल लागले आणि लोकमतसह देशातल्या १८ वृत्तपत्रसमूहांनी एकत्र पत्रक काढून ते फेटाळले. पत्रकात विसंगतींची यादीच होती. बिझनेस लाइन या आर्थिक दैनिकाचे मणिपुरातले वाचक चेन्नईतल्या वाचकांच्या तिप्पट निघाले होते. आणि नागपूरचं ‘हितवाद’: गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सुरू केलेलं, विदर्भातलं अग्रगण्य इंग्रजी दैनिक, ज्याचा प्रमाणित खप ६० हजारांच्या वर, त्याला या पाहणीत नागपुरात एकही वाचक सापडला नव्हता.

हे उदाहरण जपून ठेवावं असं आहे, कारण त्यात दोन वेगवेगळे मोजमापाचे झोत एकाच वस्तूवर पडलेले दिसतात. खप मोजते ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स, १९४८ पासून, छापलेल्या आणि विकलेल्या प्रतींच्या हिशेबावरून. वाचक मोजतो आयआरएस, माणसांना विचारून. पहिल्यात मोजणी आहे, दुसऱ्यात अंदाज. दोन्ही शेजारी ठेवले म्हणून शून्य लगेच उघडं पडलं. ज्या जिल्ह्यात, ज्या लहान साप्ताहिकासाठी दुसरा आकडाच उपलब्ध नव्हता, तिथे असंच एखादं शून्य कुणाच्या लक्षात न येता जाहिरातीचं अंदाजपत्रक कापून गेलं नसेल, असं छातीठोकपणे कोण सांगणार? पाहणी करणाऱ्या परिषदेचं म्हणणं होतं की पद्धतच बदलल्यामुळे या फेरीची तुलना आधीच्या फेऱ्यांशी करू नये. सूचना योग्य होती. पण जाहिरातीचे दर गेल्या वेळेच्या तुलनेतच ठरत असतील, तर तिचा उपयोग किती? पुढे २०१७ आणि २०१९ च्या फेऱ्या निघाल्या, मग करोना आला आणि पाहणी थांबली ती वर्षानुवर्षं. त्या काळात मराठी वृत्तपत्रांच्या जाहिरातींची बोलणी जुन्याच आकड्यांवर झाली.

खप आणि वाचक यांतलं अंतर दिवाळी अंकांइतकं दुसरीकडे कुठे ठळक नसेल. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे अंक घरात येतात, शेजारी जातात, वाचनालयातून मार्चपर्यंत फिरत राहतात. वाचनालयाची एक प्रत किती घरांत जाते, याची नोंद ग्रंथपालाच्या वहीत असते. जाहिरातदाराच्या अहवालात येतो तो छपाईचा आकडा. विकलेल्या प्रतीमागे येणारा खर्च एखाद्या मोबाइल जाहिरातीच्या ‘इंप्रेशन’ खर्चाशी ताडून ‘अंक महाग पडतो’ असं ठरवलं जातं. एका बाजूला निदान एक घर आणि चार महिने. दुसऱ्या बाजूला पडद्यावर क्षणभर उमटलेलं चित्र. या दोन गोष्टींना एकच एकक लावणं अन्यायाचं आहे, आणि हा अन्याय दरवर्षी होतो.

दिवाळीमुळे होणारी दुसरी गल्लत तारखांची. विक्रीच्या अहवालात ‘गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना’ हा स्तंभ ठरलेला असतो. पण दिवाळी इंग्रजी महिना पाळत नाही. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेलं. फराळाचं साहित्य, कपडे, मिठाई, आकाशकंदील यांचा व्यापार करणाऱ्याने २०२३ चा ऑक्टोबर २०२२ च्या ऑक्टोबरशी ताडला, तर धंदा बुडाल्यासारखा दिसतो. नोव्हेंबर ताडला, तर आकाशाला भिडल्यासारखा. वाणसामानाचा जुना दुकानदार दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंतची विक्री गेल्या दसरा-भाऊबीजेशी लावून पाहतो आणि त्याचा हिशेब बरोबर येतो. परदेशी सॉफ्टवेअरच्या डॅशबोर्डवर ही सोय सहसा तयार मिळत नाही, ती मुद्दाम करून घ्यावी लागते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होऊन गेली. म्हणजे हा घोळ पुन्हा होणार आहे, आणि ज्यांना लक्ष्य देऊन ठेवलं आहे अशा विक्री प्रतिनिधींच्या बोनसवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

बेंचमार्क म्हणून समोर ठेवलेला आकडा कधी कधी मुळातच सदोष असतो. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ ‘सरासरी किती वेळ पाहिला गेला’ हा त्यांचा आकडा दोन वर्षं फुगलेला होता. चूक भागाकाराची होती. पाहण्याचा एकूण वेळ सगळ्या पाहणाऱ्यांनी भागायच्या ऐवजी, तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलेल्यांच्या संख्येनेच भागला जात होता. शंभर जणांसमोर व्हिडिओ आला, ऐंशी जण एका सेकंदात पुढे गेले, वीस जणांनी तीस सेकंद पाहिला, असं धरू. एकूण वेळ ६८० सेकंद. शंभराने भागला तर सरासरी ६.८ सेकंद, विसाने भागला तर ३४. प्रत्यक्षातली फूग ६० ते ८० टक्के असल्याचं त्या वेळी जाहिरात संस्थांना सांगण्यात आलं. जाहिरातदारांनी दावा लावला आणि २०१९ मध्ये कंपनीने ४ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. दरम्यानच्या काळात जगभरच्या संपादकांनी आणि जाहिरातदारांनी त्या सरासरीला आदर्श मानून आपापले व्हिडिओ तोलले होते.

ईमेलच्या बाबतीत सप्टेंबर २०२१ हा असाच सांधा. ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आणली आणि ज्यांनी ती सुरू केली त्यांच्यासाठी ईमेलमधली चित्रं, त्यांतच लपवलेला मागोवा घेणारा ठिपकाही, आधीच उतरवून घेतली जाऊ लागली. माणसाने पत्र उघडलं नाही तरी ते ‘उघडलं’ म्हणून नोंदलं जाऊ लागलं. त्यानंतरच्या ‘ओपन रेट’च्या उद्योग-सरासऱ्या आधीच्यांशी जुळत नाहीत, आणि ज्याच्या यादीत आयफोनवाले जास्त त्याचा आकडा जास्त फुगतो. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना फराळ पाठवणारा पुण्याचा व्यावसायिक आणि लातूर-नांदेडच्या शेतकऱ्यांना बियाण्यांची माहिती पाठवणारी कंपनी यांना एकाच सरासरीशी तोलून पाहिलं, तर पहिल्याचं कौतुक आणि दुसरीची बोळवण होणार हे आधीच ठरलेलं.

या फराळवाल्याचंच गणित मांडून पाहू, कारण त्यात विभागणी आणि तुलना दोन्ही एकत्र येतात. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. गेल्या वर्षी त्याने १० हजार ग्राहकांना व्हॉट्सॲपवर किंमतपत्रकाची लिंक पाठवली. त्यांतले ८ हजार जुने, २ हजार नवे. जुन्यांपैकी ४० टक्क्यांनी लिंक उघडली, नव्यांपैकी १० टक्क्यांनी. म्हणजे ३,२०० आणि २००, एकूण ३,४००. सरासरी ३४ टक्के. यंदा त्याने २० हजारांना पाठवली, ४ हजार जुने आणि १६ हजार नवे. जुन्यांपैकी ४४ टक्क्यांनी उघडली, नव्यांपैकी १२ टक्क्यांनी. दोन्ही गटांत सुधारणाच झाली. पण एकूण उघडणारे झाले १,७६० आणि १,९२०, म्हणजे ३,६८०, आणि सरासरी आली १८.४ टक्के. अहवालाच्या पहिल्या पानावर लाल बाण खाली तोंड करून उभा: प्रतिसाद जवळपास निम्म्यावर. हे पान पाहून त्याने नव्या ग्राहकांकडे जाणं थांबवलं, तर वाढणारा धंदा तो स्वतःच्या हाताने खुडतो. खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो फक्त विभागणी केल्यावर दिसतो: जुने ८ हजार होते, त्यांतल्या ४ हजारांनाच यंदा संदेश का गेला? बाकीच्या निम्म्यांचे नंबर बदलले, त्यांनी संदेश बंद केले, की यादी करणाऱ्याकडून ते राहून गेले?

संख्याशास्त्रात या उलटापालटीला ‘सिम्पसनचा विरोधाभास’ म्हणतात. तिचं प्रसिद्ध उदाहरण कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचं, १९७३ सालचं. पदव्युत्तर प्रवेशात पुरुष अर्जदारांपैकी ४४ टक्के निवडले गेले होते, स्त्रियांपैकी ३५ टक्के. विभागवार पाहिल्यावर स्त्रियांविरुद्धचा सरसकट भेदभाव दिसेना. जिथे प्रवेश मुळातच अवघड त्या विभागांत स्त्रियांचे अर्ज जास्त होते. मार्केटिंगच्या अहवालांत हे रोज घडतं. ज्या एजन्सीला नव्या ग्राहकांपर्यंत पोहोचण्याचंच काम दिलं, तिची सरासरी घसरली म्हणून तिचं बिल अडवलं जातं.

एक आकडा मात्र फार पटकन भुरळ घालतो. ‘इंडेक्स’. लोकसंख्येत एखाद्या गटाचा वाटा १० टक्के आणि तुमच्या ग्राहकांत २० टक्के असेल, तर त्या गटाचा इंडेक्स २००. शंभर म्हणजे सर्वसाधारण, दोनशे म्हणजे दुप्पट ओढ. सादरीकरणात हा आकडा हिरव्या चौकटीत येतो आणि सभा त्याच्याकडेच पाहत राहते. त्या ठिकाणी कुणीतरी विचारायला हवं की हे २० टक्के किती जणांतले. उत्तर पंधरांत तीन असं आलं, तर त्या तीन माणसांवर मोहीम उभारायची नाही. शिवाय इंडेक्स मोठा असला म्हणून गट मोठा होत नाही. दुप्पट ओढ असलेला १० टक्क्यांचा गट आणि सर्वसाधारण ओढ असलेला ६० टक्क्यांचा गट यांत माल कुठे जास्त खपतो, हे कुठल्याही दुकानदाराला तोंडी सांगता येईल. मोठ्या सभेत ते विसरलं जातं, कारण ६० टक्क्यांच्या गटाचा इंडेक्स १०० असतो आणि शंभर हा आकडा कुणाच्याही नजरेत भरत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी असलेलं वर्गीकरण आता पुन्हा बदलतं आहे. मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ‘आयएसईसी’ ही नवी पद्धत पुढे आणली. वस्तूंची यादी तिच्यातून गेली. घराचा गट आता तीन गोष्टींवरून ठरतो: कर्त्या माणसाचा व्यवसाय, घरातल्या सगळ्यात जास्त शिकलेल्या पुरुषाचं शिक्षण आणि सगळ्यात जास्त शिकलेल्या स्त्रीचं शिक्षण. फ्रीज आणि पंखे जुने होतात, सरकार वाटतं, किमती उतरतात. शिक्षण आणि व्यवसाय इतक्या लवकर शिळे होत नाहीत, असा यामागचा विचार. घरातल्या स्त्रीच्या शिक्षणाला वर्गीकरणात स्वतःची जागा मिळाली, ही यातली फार महत्त्वाची सुधारणा आहे. आधीच्या दोन्ही पद्धतींत कर्ता पुरुष दहावी असेल तर घर दहावीचं, मग सून एम. एससी. असो की मुलगी सनदी लेखापाल. घरात कुठला साबण, कुठलं तेल, कुठली शाळा आणि कुठला विमा घ्यायचा, यात त्या सुनेचं आणि मुलीचं म्हणणं किती चालतं, हे गिऱ्हाईक जवळून पाहणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं.

बदलाचा काळ मात्र अवघड जाणार. एकाच महिन्यात एका अहवालात जुना ‘ए’ असेल, दुसऱ्यात नवा, आणि दोन्हींवर अक्षर तेच. सांगलीचं ते सात वस्तूंचं घर नव्या पद्धतीत खाली सरकू शकतं, पुण्याचा इंजिनिअर वर. त्यामुळे कुठल्याही वाहिनीने, वृत्तपत्राने किंवा एजन्सीने येती काही वर्षं दोन्ही पद्धतींनी काढलेले आकडे शेजारी-शेजारी द्यावेत, नमुन्यात किती माणसं होती ते प्रत्येक गटापुढे लिहावं, आणि जिथे पद्धत बदलली तिथे आलेखाची रेघ तोडून दाखवावी, एवढा आग्रह पैसे मोजणाऱ्या जाहिरातदाराने धरायला हरकत नाही. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी स्वतंत्र विभाग आहेत. इचलकरंजीचा कापड उत्पादक, देवगडचा आंबा बागायतदार, कोल्हापूरचा मसालेवाला यांच्याकडे ते नाहीत. त्यांना हातात मिळते ती तीस पानांची पीडीएफ, आणि टीजीची ओळ बहुतेक वेळा तिच्या शेवटच्या पानांवर, ‘पद्धती’ या मथळ्याखाली छापलेली असते.